एक खुर्ची, तीन नियमपुस्तके : पं. रविशंकर शुक्ल, डॉ. ना. भा. खरे आणि १९३८ चा मंत्रिमंडळाचा पेच



रायपूरच्या जी. ई. रोडवरून जाताना पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाची पाटी दिसते. हे विद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झाले. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी कधीकधी विचारतो, "हे शुक्ल कोण होते?" बहुतेकांचे उत्तर येते, "पहिले मुख्यमंत्री." उत्तर बरोबर आहे, पण ते त्या खुर्चीपर्यंत कसे पोहोचले हे विचारले की वर्ग शांत होतो.

त्या प्रवासात जुलै १९३८ चे नऊ दिवस फार महत्त्वाचे आहेत. नऊ दिवसांत एका प्रांताचे सरकार दोनदा बदलले. एक सरकारप्रमुख कायमचा पक्षाबाहेर फेकला गेला आणि दुसरा पुढे अठरा वर्षे त्या प्रदेशाच्या राजकारणाचा केंद्रबिंदू राहिला. तुमच्या पाठ्यपुस्तकात याला 'खरे प्रकरण' म्हणून दोन-तीन ओळी मिळतात. आपण ते जरा सविस्तर पाहू, कारण त्यात आजही न सुटलेला एक प्रश्न आहे : सरकारप्रमुखाची खुर्ची नेमकी कोणाची असते?

आधी एक कबुली. माझे घर रायपुरातले मराठी घर. भोसल्यांच्या राजवटीपासून आणि पुढे इंग्रजी अमदानीत नोकरी-वकिलीच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे या शहरात आहेत. आमच्या घरी आजोबा सांगत ती कथा एकाच वाक्याची होती : "खऱ्यांवर अन्याय झाला." माझ्या हिंदीभाषक मित्रांच्या घरी वाक्य वेगळे होते : "खऱ्यांनी गव्हर्नराशी हातमिळवणी केली." दोन्ही घरांत माणसे प्रामाणिक होती. इतिहास वाचायला बसताना आपण कोणत्या घरातून आलो आहोत हे लक्षात ठेवावे, एवढ्यासाठी हे सांगितले.

१. रायपूरचे वकील आणि नागपूरचे डॉक्टर

रविशंकर शुक्ल यांचा जन्म २ ऑगस्ट १८७७ रोजी सागर येथे झाला. शालेय शिक्षणाचा काही भाग रायपुरात आणि पदवीचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात झाले. काही काळ खैरागढला त्यांनी शिक्षकी केली. नंतर कायद्याची परीक्षा देऊन वकिली सुरू केली आणि रायपूर हीच त्यांची कर्मभूमी ठरली. रायपूर जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद त्यांनी बरीच वर्षे सांभाळले. खेड्यांतल्या शाळा आणि तिथले शिक्षक हा त्यांच्या कामाचा कणा होता. १९३० च्या कायदेभंगात ते तुरुंगात गेले. नोव्हेंबर १९३३ मध्ये हरिजन दौऱ्यावर गांधीजी रायपूरला आले तेव्हा त्यांचा मुक्काम शुक्लांच्या घरी होता.

त्या काळच्या रायपुरात हिंदी-मराठी अशी भिंत नव्हती, हेही ध्यानात घ्या. १९३० च्या चळवळीत रायपूरच्या आघाडीच्या नेत्यांत वामनराव लाखे होते. ते मराठी होते आणि सहकारी बँकेच्या उभारणीसाठी ओळखले जात. आजचे लाखेनगर त्यांच्याच नावाचे. 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० मध्ये पेंड्र्याहून काढणारे माधवराव सप्रे हेही मराठीभाषक होते.

नारायण भास्कर खरे यांचा जन्म १८८४ मध्ये पनवेल येथे झाला. लाहोरला शिकून ते एम. डी. झाले आणि नागपुरात त्यांनी व्यवसाय थाटला. नागपूरच्या काँग्रेस राजकारणात त्यांचे नाव मोठे झाले. १९३५ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळात गेले. स्वभावाने स्पष्टवक्ते आणि पटकन तापणारे, अशी त्यांची ख्याती होती. शुक्ल धीमे आणि संघटनेत मुरलेले. पण पुढचा सगळा प्रसंग स्वभावावर टाकून मोकळे होऊ नका. स्वभावापेक्षा रचना महत्त्वाची होती, ती आता पाहू.

२. एक प्रांत, तीन काँग्रेस

मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी नागपूर, उन्हाळी राजधानी पचमढी. प्रांतात साधारण तीन तुकडे होते : नागपूर भागातले मराठी जिल्हे, वऱ्हाडातले मराठी जिल्हे आणि जबलपूरपासून रायपूर-बिलासपूरपर्यंतचे हिंदी जिल्हे. या हिंदी भागाला महाकोशल म्हणत.

१९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषावार करायचे ठरवले. निर्णय दूरदर्शी होता. पण सरकारी प्रांत मात्र जुनेच राहिले. परिणाम असा झाला की या एका प्रांतात काँग्रेसच्या तीन प्रांतिक समित्या होत्या : नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. सरकार एक, विधानसभा एक, पण पक्षाची मुळे तीन वेगवेगळ्या जमिनींत.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे लगेच कळेल. एकाच तुळईला तीन वेगवेगळ्या पायांवर टेकवले आणि तिन्ही पाय वेगवेगळ्या प्रमाणात खचू लागले, तर तडा तुळईला जातो. दोष तुळईचा असतोच असे नाही.

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ७० जागा मिळाल्या. सुरुवातीला काँग्रेसने पदे स्वीकारली नाहीत, म्हणून काही महिने बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव यांचे अंतरिम सरकार होते. जुलै १९३७ मध्ये काँग्रेसने पदे घेण्याचा निर्णय घेतला आणि डॉ. खरे प्रीमियर झाले. तेव्हा प्रांताच्या सरकारप्रमुखाला इंग्रजीत प्रीमियर म्हणत, आजच्या भाषेत मुख्यमंत्री.

मंत्रिमंडळात मराठी भागातून खरे यांच्यासोबत रामराव देशमुख आणि पु. ब. गोळे होते. महाकोशलातून शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता होते. कायदेमंत्री महंमद युसूफ शरीफ होते. शिक्षण खाते शुक्लांकडे होते. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी त्यांची 'विद्यामंदिर' योजना याच काळातली. तिच्या नावावरून मुस्लिम लीगने बराच विरोध केला होता.

३. पचमढी ते २० जुलै

पहिला धक्का शरीफ प्रकरणाचा. बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या एका कैद्याला त्यांनी मुदतीआधी सोडले. गदारोळ झाला, काँग्रेस कार्यकारिणीने चौकशी केली आणि शरीफ यांना पद सोडावे लागले. मंत्रिमंडळातला विश्वास इथे कमी झाला. त्यातच खरे आणि महाकोशलचे मंत्री यांच्यातले मतभेद वाढत गेले.

मे १९३८ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल पचमढीला आले. ते काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाचे प्रमुख होते. मौलाना आझाद आणि राजेंद्रप्रसाद हे बोर्डाचे इतर सदस्य. प्रांतांतली काँग्रेस सरकारे शिस्तीत ठेवणे हे या बोर्डाचे काम. पचमढीत समेट झाला. सर्वांनी मिळून काम करायचे ठरले.

समेट दोन महिनेही टिकला नाही. २० जुलै १९३८ रोजी डॉ. खरे यांनी गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे राजीनामा दिला. गोळे आणि देशमुख त्यांच्याबरोबर होते. खरे यांनी शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनाही राजीनामे मागितले. प्रमुखाने राजीनामा दिला की सगळे मंत्रिमंडळ जाते, असे त्यांचे म्हणणे होते. तिघांनी नकार दिला. पार्लमेंटरी बोर्डाचा आदेश आल्याशिवाय आम्ही पद सोडणार नाही, असे त्यांचे उत्तर होते.

वायली गव्हर्नर होऊन दोनच महिने झाले होते. त्यांनी त्याच रात्री तिघांना बडतर्फ केले आणि २१ जुलैच्या पहाटे खरे यांना पुन्हा सरकार बनवू दिले. नव्या मंत्रिमंडळात दोन नावे विशेष लक्षात ठेवा. एक, रायपूरचे ठाकूर प्यारेलाल सिंह. राजनांदगावच्या गिरणी कामगारांचे ते नेते होते. दुसरे, रामेश्वर अग्निभोज. ते दलित समाजातले होते.

४. वर्ध्याचे दिवस

पहाटेच्या शपथविधीची बातमी पसरली आणि काँग्रेसमध्ये संताप उसळला. इंग्रज गव्हर्नराने काँग्रेसच्या तीन मंत्र्यांना एका रात्रीत काढून टाकावे आणि तेही एका काँग्रेसजनाच्या सांगण्यावरून, हे नेतृत्वाला सहन होण्यासारखे नव्हते. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. कार्यकारिणीची बैठक वर्ध्याला होती. खरे यांना बोलावणे गेले. त्यांनी २३ जुलैला नव्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. म्हणजे ते सरकार तीन दिवसही धड टिकले नाही.

पुढे सेवाग्रामला गांधीजींकडे भेट झाली. खरे यांनी द्यायच्या निवेदनाचा मसुदा तयार झाला, गांधीजींनी त्यात दुरुस्त्या केल्या. त्यावर सही करायला खरे यांनी नकार दिला. कार्यकारिणीने ठराव करून खरे यांना दोषी ठरवले आणि काँग्रेसमध्ये जबाबदारीचे पद सांभाळण्यास ते अपात्र असल्याचे म्हटले. गव्हर्नराच्या घाईवरही ठरावात टीका होती. २७ जुलैला वर्ध्यातच विधिमंडळ पक्षाची बैठक झाली आणि शुक्ल नेते निवडले गेले. २९ जुलैला त्यांचे मंत्रिमंडळ आले.

आता मोजा. २० ते २९ जुलै, नऊ दिवस. या नऊ दिवसांत राजभवनात निर्णय झाले, वर्ध्याच्या बैठकीत झाले, सेवाग्रामच्या झोपडीत चर्चा झाली. विधानसभेच्या सभागृहात मात्र एकही निर्णय झाला नाही. ज्या ११२ जणांना मतदारांनी निवडले होते, त्यांना सभागृहात उभे राहून 'आमचा विश्वास कोणावर' हे सांगण्याची वेळच आली नाही.

५. तीन नियमपुस्तके

आता मुख्य मुद्दा. यातला प्रत्येक जण आपण नियमाने वागलो असे म्हणत होता. आणि गंमत अशी की प्रत्येकाच्या हातात खरोखरच एक नियमपुस्तक होते.

पहिले पुस्तक संसदीय संकेतांचे. ते खरे यांच्या हातात होते. इंग्लंडमध्ये पंतप्रधानाचा राजीनामा म्हणजे सगळ्या मंत्रिमंडळाचा राजीनामा. नवे मंत्री निवडण्याचा अधिकार प्रमुखाचा. मग नागपुरात वेगळे का, असा त्यांचा प्रश्न. सहकारी साथ देत नसतील तर प्रमुखाने मंत्रिमंडळ नव्याने बांधू नये, तर करावे काय?

दुसरे पुस्तक १९३५ च्या कायद्याचे. ते वायली यांच्या हातात होते. त्या कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार मंत्री गव्हर्नराच्या मर्जीने पदावर राहत. प्रमुखाने राजीनामा दिला आहे, तीन मंत्री देत नाहीत, मग कायद्याने त्यांना काढता येते. कायदा म्हणून चूक नव्हती. पण मध्यरात्री ते पहाट एवढ्यातच हे का उरकले, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही.

तिसरे पुस्तक पक्षशिस्तीचे. ते शुक्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातात होते. काँग्रेसने पदे स्वीकारली ती राज्य उपभोगायला नव्हे, स्वातंत्र्याच्या लढ्याचा एक भाग म्हणून. सैन्यातल्या एका तुकडीने शत्रूच्या सेनापतीशी परस्पर बोलणी करायची नसतात. मंत्र्यांना पदावर पाठवणारे बोर्ड, म्हणून परत बोलावणारेही बोर्डच. ऑगस्टमध्ये 'हरिजन' साप्ताहिकात लिहिताना गांधीजींनी याच अंगाने कार्यकारिणीचे समर्थन केले.

तुम्ही परीक्षेत 'खरे बरोबर की शुक्ल?' असा प्रश्न लिहिणार असाल, तर आधी विचारा : कोणत्या पुस्तकानुसार? पहिल्या पुस्तकात खरे यांची बाजू भक्कम आहे. पण त्यांच्या बाजूत एक मोठे छिद्र आहे. संसदीय संकेत सांगतो की प्रमुखाची ताकद सभागृहातल्या बहुमतातून येते. खरे यांनी आपल्या आमदारांना आधी बोलावले नाही, त्यांचा कौल घेतला नाही. ते थेट गव्हर्नराकडे गेले. परकी सत्तेच्या प्रतिनिधीच्या एका सहीवर आपल्याच पक्षाचे तीन सहकारी पहाटेपूर्वी दूर झाले, याचे राजकीय वजन त्यांनी ओळखले नाही, किंवा ओळखूनही पत्करले.

तिसऱ्या पुस्तकातही छिद्र आहे. मतदारांनी निवडलेला प्रमुख जर मतदारांना जबाबदार नसलेल्या तिघांच्या बोर्डाला विचारल्याशिवाय आपले मंत्रीही बदलू शकत नसेल, तर निवडणुकीचा अर्थ काय? लढ्याच्या काळात ही शिस्त समजू शकते. लढा संपल्यावरही ती सवय राहिली तर?

६. हा हिंदी-मराठी वाद होता का?

आमच्या आजोबांच्या वाक्यात उत्तर 'हो' असे होते. बाजूने पुरावाही आहे. राजीनामा देणारे तिघे मराठी भागातले, न देणारे तिघे महाकोशलातले. दोनच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९३८ रोजी, प्रांताच्या विधिमंडळाने वेगळ्या महाविदर्भ प्रांताचा ठराव मंजूर केला. जुलैतली जखम ओली होती, हे उघड आहे.

पण ठाकूर प्यारेलाल सिंह यांचे काय करायचे? रायपूरचा, छत्तीसगढी मातीतला हा कामगार नेता शुक्लांच्या नव्हे, खरे यांच्या मंत्रिमंडळात होता. पुढे ते काँग्रेसबाहेर पडले आणि १९५२ नंतर विधानसभेत शुक्ल सरकारसमोर विरोधी बाकांवर बसले. म्हणजे महाकोशल एकसंध नव्हता. छत्तीसगढचा त्यात वेगळा आवाज होता. निर्णय घेणारे पटेल, बोस, गांधी हे तर ना मराठी, ना महाकोशली.

अग्निभोज यांचे नावही इथे आठवा. त्यांच्या समावेशाला गांधीजींची नापसंती होती, असा आरोप खरे यांनी नंतर केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मधल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील आपल्या टीकाग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली. म्हणजे जे दोन भाषांचे भांडण म्हणून सांगितले जाते, त्यात कामगार होता आणि दलित प्रतिनिधित्वाचा प्रश्नही होता. दोन बाजूंची कथा सांगायला सोपी असते, म्हणून तिसरी-चौथी बाजू गळून पडते. नोट्स काढताना ही गळती टाळा.

भाषावार पक्ष आणि बहुभाषिक प्रांत यांचा सांधा कच्चा होता, तिथे ताण पडला. भाषा हे ताणाचे एक कारण होते, सगळे कारण नव्हते. माझे मत विचाराल तर एवढेच म्हणेन.

७. दक्षिण अमेरिकेतून एक तुलना

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात तुम्ही अध्यक्षीय पद्धत शिकता. दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांत अध्यक्षाला जनता थेट निवडते. त्याची मुदत ठरलेली असते. मंत्री तो नेमतो, तोच काढतो. डॉ. खरे यांना सहकारी बदलण्याची जी मोकळीक हवी होती, ती अशा अध्यक्षाला आपोआप असते. त्याला हटवायचे तर विधिमंडळाने महाभियोग चालवावा लागतो.

पण म्हणून त्याची खुर्ची पक्की असते का? पराग्वेचे अध्यक्ष फर्नांदो लुगो यांचे उदाहरण घ्या. हे पूर्वी कॅथलिक बिशप होते. २००८ मध्ये निवडून आले आणि एकाच पक्षाची सहा दशकांची सलग सत्ता संपली. विधिमंडळात त्यांचे स्वतःचे बळ मात्र तुटपुंजे होते. जून २०१२ मध्ये जमिनीच्या वादातून कुरुग्वाती येथे पोलीस आणि शेतकरी यांच्यात चकमक होऊन सतरा माणसे मेली. २१ जूनला कनिष्ठ सभागृहाने महाभियोग मंजूर केला, २२ जूनला सिनेटने त्यांना पदावरून दूर केले. बचावासाठी मिळालेला वेळ तासांत मोजण्याइतका. शेजारच्या देशांनी नापसंती दाखवत पराग्वेचे मेर्कोसुर या गटातले सदस्यत्व काही काळ स्थगित केले.

नागपूर १९३८ आणि असुन्सिओन २०१२ यांत घाई सारखी आहे. फरक असा की पराग्वेत जे झाले ते निदान राज्यघटनेतल्या कलमाखाली आणि निवडलेल्या सभागृहात झाले. तरीही जगाने विचारले, इतक्या घाईत न्याय होतो का? नागपुरात सभागृह वाटेत आलेच नाही. दोन्हीकडून धडा एकच मिळतो : नियम पाळला एवढे पुरत नाही. तो कोणासमोर पाळला आणि समोरच्याला बोलायला किती वेळ दिला, हेही विचारावे लागते.

८. पुढे काय झाले

शुक्ल सरकारने युद्धाच्या प्रश्नावर इतर काँग्रेस सरकारांबरोबर नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतरच्या चळवळींत शुक्लांचा पुन्हा तुरुंगवास झाला. एप्रिल १९४६ मध्ये ते परत सरकारप्रमुख झाले. १ जानेवारी १९४८ पासून छत्तीसगढमधली संस्थाने प्रांतात विलीन झाली. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान देणारा कायदा त्यांच्याच काळात झाला. मराठी वाचकांनी हेही नोंदवून ठेवावे.

अभियांत्रिकीच्या मुलांनी आणखी दोन गोष्टी टिपाव्यात. सोव्हिएत संघाच्या मदतीने उभारायचा पोलाद कारखाना भिलाईला आला, त्यामागे शुक्लांचा पाठपुरावा होता. त्यासाठीचा करार फेब्रुवारी १९५५ मधला. आज ज्याला आपण एन. आय. टी. रायपूर म्हणतो, ते खाणकाम व धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय म्हणून १९५६ मध्ये सुरू झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि शुक्ल भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. दोन महिन्यांतच, ३१ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९३८ मध्ये जी तुळई तडकली होती, ती शेवटी भाषेच्या रेषेवरच वेगळी करावी लागली.

डॉ. खरे यांचा प्रवास वेगळ्याच दिशेने गेला. १९४३ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. १९४७ मध्ये अलवर संस्थानाचे पंतप्रधान झाले. गांधीहत्येनंतर त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. त्या कटात त्यांच्यावर काही सिद्ध झाले नाही. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, १९५२ मध्ये ग्वाल्हेरहून लोकसभेत गेले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नंतरचे राजकारण तुम्हाला पटो वा न पटो, १९३८ च्या प्रश्नाचे उत्तर त्यावरून ठरवू नका. आणि शुक्लांची नंतरची कामे मोठी म्हणून १९३८ ची पक्षशिस्त आपोआप योग्य ठरते असेही नाही. निकाल माहीत असताना मागे वळून न्याय करणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक आहे.

९. आज या प्रश्नाचे काय झाले?

१९३५ च्या कायद्याच्या कलमांत प्रीमियर या पदाचा उल्लेखच नव्हता, फक्त मंत्र्यांचा होता. भारतीय राज्यघटनेने ही पोकळी भरली. कलम १६४ नुसार मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि बाकी मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने होते. मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. म्हणजे आपले सहकारी निवडण्याचा जो अधिकार डॉ. खरे मागत होते, तो आज घटनेत लिहिलेला आहे. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई खटल्यात ठामपणे सांगितले. नागपूरची ती रात्र आज तशीच घडवणे अवघड आहे.

तरीही वर्तमानपत्र उघडा. कुठल्या ना कुठल्या राज्यात, कुठल्याही पक्षात, मुख्यमंत्री कोण हे दिल्लीतून येणारे निरीक्षक सांगतात. आमदारांची बैठक होते, एका ओळीचा ठराव होतो, 'निर्णय पक्षश्रेष्ठींवर सोपवला.' मंत्रिमंडळाची यादी मंजुरीसाठी वर जाते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराला सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणेही जड जाते. खरे यांची मागणी घटनेच्या कागदावर आली आणि शुक्लांच्या बाजूचे नियमपुस्तक व्यवहारात चालू राहिले. माझ्या मते या प्रकरणाचा खरा निकाल हा आहे. दोन्ही बाजू जिंकल्या, पण सभागृहाची बाजू तेव्हाही कोणी घेतली नव्हती आणि आजही ती घेणारे थोडेच आहेत.

तुमच्यापैकी बरेच जण पहिल्यांदा मतदान करतील. तुम्ही आमदाराला मत देता. तो आमदार मुख्यमंत्री निवडताना स्वतःचे डोके वापरतो की वरून आलेले नाव वाचतो, हे त्याला विचारण्याचा हक्क तुमचा आहे. तो हक्क वापरला गेला नाही, तर मधल्या कड्या कागदावरच राहतात.

आमच्या आजोबांचे वाक्य मी आता असे सांगतो : "खऱ्यांवर अन्याय झाला, आणि खऱ्यांनीही अन्याय केला, आणि ज्यांना विचारायला हवे होते, त्यांना कोणीच विचारले नाही." वाक्य लांब झाले आहे. पण परीक्षेत तुम्ही लांब वाक्य लिहिलेत तर मी गुण कापणार नाही.

स्वाध्याय

१. १९२० मध्ये काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या, पण सरकारी प्रांत तसेच राहिले. याचा मध्यप्रांत व वऱ्हाडावर काय परिणाम झाला?
२. २० जुलै १९३८ रोजी तुम्ही गव्हर्नर वायली यांच्या जागी असता, तर कायद्याच्या चौकटीत राहून कोणता वेगळा मार्ग निवडला असता?
३. ठाकूर प्यारेलाल सिंह आणि रामेश्वर अग्निभोज यांची नावे लक्षात घेतल्यास 'हिंदी विरुद्ध मराठी' या मांडणीत काय बदल होतो?
४. संसदीय पद्धतीतला मुख्यमंत्री आणि अध्यक्षीय पद्धतीतला राष्ट्राध्यक्ष यांना पदावरून दूर करण्याच्या पद्धतींची तुलना करा. पराग्वे, २०१२ या उदाहरणाचा वापर करा.
५. तुमच्या घरात किंवा गावात या किंवा अशा एखाद्या राजकीय प्रसंगाविषयी जे एक वाक्य सांगितले जाते ते लिहा. मग त्याच प्रसंगाविषयी दुसऱ्या घरात सांगितले जाणारे वाक्य शोधून त्याशेजारी ठेवा.